शिकाऊ हात

गुरांच्या बाजारात बैल पारखणारा माणूस लगेच भाव विचारत नाही. तो खुरं बघतो, वशिंडावर थाप टाकतो, जबडा उघडून दात मोजतो. गेल्या दिवाळीत माझ्या नातीनं माझा हात असाच पारखला. पाडव्याचं जेवण झालं होतं आणि सोप्यात सतरंजीवर मी आडवा झालो होतो. ती शेजारी येऊन बसली, माझा उजवा हात मांडीवर घेतला, मनगटापासून कोपरापर्यंत बोटानं चाचपत गेली आणि म्हणाली, "आबा, तुमच्या शिरा लई भारी आहेत."

"भारी म्हंजे?"

"जाड, सरळ. आणि बोटाखाली पळत नाहीत."

"पोरी, सारा जन्म खोरं आणि नांगर धरलाय. पळतील कुठं?"

ही माझ्या थोरल्या लेकीची लेक. पुण्याकडच्या एका कॉलेजात पॅरामेडिकचं शिकते. गावात कुणी विचारलं की मी सांगायचो, डॉक्टरकीचं शिकते. तिला ते आवडत नाही. "डॉक्टर दवाखान्यात असतो आबा, आम्ही माणसापाशी जातो," असं ती म्हणते. आपल्याकडं १०८ नंबरची गाडी २०१४ साली सुरू झाली. तेव्हापासून खेड्यातल्या माणसालाही कळलं की अपघात झाला, साप चावला, बाई अडली की फोन करायचा आणि गाडी येते. त्या गाडीवर डॉक्टर असतो. नात शिकते ती गाडी वेगळी, कॉलेजला जोडलेल्या दवाखान्याची. तिच्यावर चालक, एक जुना अनुभवी माणूस, ज्याला ती 'सर' म्हणते, आणि एक शिकाऊ. बारा तासांची पाळी.

पाळीवर गेलं की आधी गाडी तपासायची. ऑक्सिजनच्या नळकांड्याचा काटा, घशातला चिकटा ओढायचं यंत्र, स्ट्रेचरचे पट्टे, पेटीतली औषधं, सगळं मोजून वहीत लिहायचं. बैल जुपायच्या आधी आपण जू, शिवळा, येठण बघून घेतो, तसंच. मग फोन आला की निघायचं. पुस्तकात नसलेल्या कितीतरी गोष्टी ती त्या गाडीवर शिकली. अरुंद जिन्यावरून जड माणूस कसा उतरवायचा, रडणाऱ्या नातेवाइकाला नुसतं 'बाजूला व्हा' म्हणण्याऐवजी हातात सलाईनची बाटली देऊन उभं कसं करायचं. साप चावलेल्या पायाला करकचून दोरी बांधायची नाही, मोडलेल्या हाडासारखी फळी लावून तो पाय हलू द्यायचा नाही. हे तिनं सांगितलं तेव्हा मी गप्प बसलो, कारण माझ्या आयुष्यात चार जणांच्या पायाला मी स्वतः दोरी आवळलेली आहे.

हात बघून झाल्यावर तिनं तो सोडला नाही. तसाच धरून ती पहिल्या सुईची गोष्ट सांगायला लागली.

सलाईनची सुई लावायची म्हणजे दंडाला पट्टा बांधायचा, शीर फुगू द्यायची, बोटानं तिचा माग काढायचा, कातडी ताणून धरायची आणि तिरकी सुई आत सारायची. शिरेत गेली की सुईच्या मागच्या बारक्या डबीत रक्ताचा थेंब दिसतो. मग सुई मागं घ्यायची आणि वरची मऊ नळी पुढं सरकवायची. कॉलेजात एक रबरी हात आहे. त्यावर नातीनं हे पन्नास-साठ वेळा केलं होतं. पण रबरी हाताची शीर रोज त्याच जागी असते. तो हात थंडगार पडत नाही, घामानं निसटत नाही, 'आई गं' म्हणत नाही.

पहाटेचा फोन होता. एक म्हातारी, दोन दिवस जुलाब-उलट्या. अंगातलं पाणी गेलेलं, डोळे खोल, हाताला हात लावला तर कातडी चिमटीत तशीच उभी राहायची. शिरा आत बसलेल्या. सरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावली आणि नातीला डोळ्यांनी खुणावलं, लाव. तिनं डाव्या हाताला लावली. सुई शिरेच्या आरपार गेली, कातडीखाली निळं टेंगूळ आलं. मग उजव्या हाताला. थेंबच आला नाही. दोनदा चुकलं की सुई दुसऱ्याच्या हातात द्यायची, असा त्यांच्याकडं नियम आहे. सरांनी घेतली आणि एका दमात लावली. गाडी निघाली. नात म्हातारीच्या हाताला कापूस दाबून बसली होती. म्हातारीनं डोळे न उघडता, त्याच टोचलेल्या हातानं तिच्या मनगटावर थोपटलं आणि म्हणाली, "असू दे बाई. शिकशील."

"तिला कळलं होतं, आबा. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं, तरी कळलं होतं."

मी काही बोललो नाही.

"तिच्या अंगाला मी दोन भोकं पाडली. तिला त्यातलं एकही लागत नव्हतं. ती माझ्या शिक्षणाला लागत होती. हे बरोबर आहे का?"

घरातली पोरं म्हाताऱ्याला असे प्रश्न विचारतात ते मानानं विचारतात. म्हाताऱ्यानं काहीतरी शहाणपणाचं बोलायचं असतं. मी म्हणालो, "रात्र लई झालीय, झोप जा." कारण मला त्या वेळी म्हातारी दिसत नव्हती, मला एक पोरगा दिसत होता.

दोन वर्षांपूर्वी मला मुतखड्याची कळ आली होती. ज्याला आली असेल त्याला ती सांगावी लागत नाही आणि ज्याला आली नाही त्याला सांगून उपयोग नाही. मुलानं मला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं शिकणारी पोरंही असायची. पांढरा डगला घातलेला एक पोरगा आला. मिसरूड फुटलेलं, कपाळावर घाम. गुलाबी टोपणाची सुई हातात धरून तो म्हणाला, "काका, मी शिकतोय. मी लावू का?" त्याचा हात थरथरत होता. मी कळीत ओरडलो, "मी काय बेडूक हाय व्हय? जा, मोठ्या डॉक्टरला बोलव." सगळा वॉर्ड बघायला लागला. एक जुनी सिस्टर आली, तिनं सुई लावली. तो पोरगा भिंतीला लागून उभा राहून बघत होता. जाताना म्हणाला, "सॉरी काका." त्यानं काय गुन्हा केला होता? त्यानं मला विचारलं होतं. खरं सांगितलं म्हणून त्याला मार बसला. पुढच्या माणसाला तो खरं सांगेल का, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. आला तो दिवाळीच्या रात्री, नात झोपल्यावर.

दुसऱ्या दिवशी बागेत गेलो. आमच्या भागात द्राक्षं. दिवसभर फुटवे काढत होतो आणि डोक्यात तोच प्रश्न. हातानं काम करणारा माणूस विचार करतो तो हाताकडं बघूनच करतो. मी माझ्या हातांना विचारलं, तुम्ही कुणाच्या जिवावर शिकला?

नांगर शिकलो तो वडिलांच्या बैलांच्या जिवावर. पहिल्या दिवशी फाळ इतका खोल घातला की बैल गुडघ्यावर आले. वडिलांनी मला मारलं नाही, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. नवा खोंड शिकवायचा तर आपण त्याच्या जोडीला जुना बैल देतो. खोंड ओढ घेतो, थांबतो, तास सोडून बाजूला जातो, आणि दर वेळी जुन्या बैलाच्या मानेला हिसका बसतो. जुन्या बैलाला कुणी विचारत नाही की बाबा, तुला हे चालेल का. पण त्याच्याशिवाय खोंड बैल होत नाही. आणि दोन खोंड एकत्र जुपणारा शेतकरी मी अजून बघितला नाही.

कलम शिकलो ते रोपांच्या जिवावर. डॉगरिजचा खुंट रानात उभा असतो. तो छाटायचा, मधोमध चीर द्यायची, थॉमसनची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची, सालीला साल भिडवायची आणि पट्टी आवळायची. ऐकायला सोपं आहे. पहिल्या वर्षी मी बांधलेली निम्मी कलमं वाळली. ज्यानं मला शिकवलं तो कारागीर म्हणाला, "मरू देत. मेलेल्या काडीची पट्टी सोडून बघ, कुठं चुकलास ते ती सांगती." मी एक एक सोडून बघितली. कुठं चीर वाकडी, कुठं पाचर जाड, कुठं साल भिडलीच नव्हती. पुढच्या वर्षी शंभरातली दहा-बाराच मेली. त्या निम्म्या काड्यांचा मी देणेकरी आहे असं मला कधी वाटलं नाही. काडीला आई नसते, तिचं कुणी रडत नाही. माणसाच्या हाताला मात्र माणूस चिकटलेला असतो. नातीचा प्रश्न तिथं सुरू होतो आणि माझी शेतकी तिथं संपते.

मग वाटलं, शिकूच नये का? जिवंत माणसावर पहिला हात कुणी ठेवूच नये, असं म्हटलं तर?

त्याचं उत्तर माझ्याकडं १९७८ सालचं आहे. उन्हाळ्याचे दिवस. माझा धाकटा भाऊ चौदा वर्षांचा होता. पोहायला येत होतं, पण त्या दिवशी विहिरीत सूर मारला आणि वर आला नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, दहावी होऊन शेतीत पडलेला. मीच उडी मारून त्याला काढला. वर आणला तेव्हा अंग कोमट होतं. विहिरीवर चाळीसएक माणूस जमलं होतं. प्रत्येकाला काहीतरी ठाऊक होतं आणि करता कुणालाच येत नव्हतं. कुणी म्हणालं पालथा घाला, कुणी म्हणालं पाय धरून उलटा करा. आम्ही पालथा घातला, पोट दाबलं, उलटा धरला. पाणी आलं. श्वास आला नाही. आई येईपर्यंत आम्ही त्याला हलवत होतो.

ही गोष्ट मी नातीला कधी सांगितली नव्हती. भाऊबिजेला सांगितली. तिनं लगेच काही म्हटलं नाही. मग उठून पलंगावरची उशी आणली, जमिनीवर ठेवली आणि म्हणाली, "या आबा, गुडघ्यावर बसा."

तिनं माझे पंजे एकमेकांवर ठेवले, कोपरं ताठ करायला लावली. छातीच्या मधल्या हाडावर दाबायचं. मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, सहाच्या पुढं नको. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तीस वेळा दाबलं की दोनदा श्वास द्यायचा. बुडालेल्या माणसाचं पाणी काढण्यात वेळ घालवायचा नाही, त्याला आधी श्वास द्यायचा, मग छाती दाबायची. मी उशी दाबायला लागलो. एक मिनिट होता होता दंड भरून आले, दुसऱ्या मिनिटाला दम लागला. ती शेजारी मोजत होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. म्हणून दोघं लागतात."

त्या विहिरीवर चाळीस जण होतो. माझा भाऊ वाचला असता का, ते देवाला ठाऊक. पण त्या चाळिसांतल्या एकाचा जरी हात शिकलेला असता, तर आज मी वेगळ्या गोष्टीचं दुःख केलं असतं. न शिकलेल्या हातानंही माणूस मरतो. फक्त त्याला कुणी चूक म्हणत नाही, नशीब म्हणतात.

तिनं मला त्यांच्या कॉलेजातल्या बाहुलीबद्दलही सांगितलं. छाती दाबायला शिकण्यासाठी माणसाएवढी बाहुली असते. ती पहिल्यांदा १९६० साली नॉर्वेत खेळणी बनवणाऱ्या एका माणसानं केली. आस्मुंड लेर्डाल त्याचं नाव. तिचा चेहरा त्यानं एका मुखवट्यावरून घेतला. तो मुखवटा पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीचा, असं सांगतात. बुडून मेलेली, आणि कोण होती ते कुणाला कळलं नाही. जगभरातली पोरं तिच्या तोंडाला तोंड लावून शिकली आणि तिचं नाव कुणाला माहीत नाही.

मला आमच्या गावचे वैद्यबुवा आठवले. त्यांच्याकडं सुश्रुतसंहितेचं मराठीत केलेलं पुस्तक होतं आणि पावसाळ्यात काम नसलं की ते वाचून दाखवायचे. त्यात म्हटलंय की शिष्यानं कापायचं ते कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडीवर शिकावं. पट्ट्या बांधायच्या त्या माणसाच्या पुतळ्यावर. आणि शीर टोचायची ती मेलेल्या जनावराच्या शिरेवर, नाहीतर कमळाच्या देठावर. म्हणजे कमळाचा देठ हाच तेव्हाचा रबरी हात. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसालाही ही टोचणी होती की आधी जिवंत माणसावर नको. पण कधीतरी देठ बाजूला ठेवून माणसाचा हात हातात घ्यावाच लागतो. पहिला माणूस कुणीतरी असतोच.

"कुणीतरी असतो, पण तो नेहमी कोण असतो?" हे मी तिला विचारलं, आणि ते जरा चिडून विचारलं. "शिकाऊ पोरं कुठं शिकतात? जिथं खाटा फुकट असतात तिथं. शेठजीच्या हातावर पहिली सुई कुणी मारती का? हात बसला की तोच डॉक्टर शहरात दवाखाना टाकतो आणि ज्यांच्या अंगावर शिकला त्यांना तिथं पायरी चढायला परवडत नाही. तुमची ती म्हातारी कुठं राहायची?"

"पत्र्याच्या खोलीत," ती म्हणाली.

"मग?"

ती म्हणाली, "आबा, माझ्या गाडीवर फोन कुणाचा येईल ते मी ठरवत नाही. मी फक्त एवढंच ठरवू शकते की शिकून झाल्यावर कुठल्या गाडीवर चढायचं." तिच्या या बोलण्यानं माझा प्रश्न सुटला नाही, पण तो तिच्या एकटीच्या अंगावर टाकणं बरोबर नव्हतं, एवढं मला कळलं.

आमचं हे बोलणं चालू असताना माझी बायको उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. ती आमच्या बोलण्यात सहसा पडत नाही. वर न बघताच म्हणाली, "तुझी आई झाली तवा माझ्याभोवती धाबारा जण उभी हुती."

नात म्हणाली, "कोण?"

"शिकाऊ. पोरं, पोरी. मोठा डाक्तर त्यास्नी दाखवत हुता, हे बघा, ते बघा. मग एकेकानं हात लावला. मी वीस वर्साची. डोळं मिटून घ्येतलं. काय करायचं?"

ही १९८४ सालची गोष्ट. पहिलं बाळंतपण अवघड होतं म्हणून मीच तिला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. मुलगी झाली, दोघी सुखरूप, म्हणून पेढे वाटले. चाळीस वर्षांत तिनं मला हे सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. शिकाऊ पोरगा मला नुसता 'लावू का' म्हणाला तर मी वॉर्ड डोक्यावर घेतला होता.

"तुम्हाला राग आला असेल आजी," नात म्हणाली.

"राग कशाचा? ती शिकली नसती तर फुडल्या बायकांचं कोण बघणार हुतं? शिकू देत की. पर येकानं तरी माझं नाव इचारायचं. नाव बी न्हाई आनि बाई बी न्हाई. 'ही केस' म्हनं." लसणाच्या पाकळ्या वाटीत टाकून ती उठली. जाता जाता नातीला म्हणाली, "त्या म्हातारीचं नाव काय गं?"

नात बघतच राहिली. म्हणाली, "फॉर्मवर मीच लिहिलं होतं, आजी." मग थोडा वेळ आठवत राहिली. आठवलं नाही.

माझ्यापुरतं उत्तर मला तिथं मिळालं. ते पुस्तकातलं नाही आणि पुरतं आहे असंही मी म्हणत नाही. शिकणाऱ्याला माणसाचं अंग लागतं, यात लपवण्यासारखं काही नाही. ते अंग म्हणजे उसनं घेतलेलं बियाणं. गावात कुणी पायलीभर जोंधळा बियाण्याला दिला तर तो घेताना आपण सांगून घेतो, चोरून उचलत नाही. पेरायच्या आधी रान तयार करतो, नाहीतर उसनं आणलेलं कुजवलं असं होतं. शेजारी जाणता माणूस ठेवतो. आणि फेडतो. ज्याच्याकडून घेतलं त्यालाच फेडता आलं तर उत्तम, पण शिक्षणाच्या उसन्यात ते बहुतेक वेळा होत नाही. म्हातारीला नात फेडू शकणार नाही. ती पुढच्या कुणाला तरी फेडेल, जो म्हातारीला ओळखत नसेल.

पण या सगळ्यात 'सांगून घेणं' सर्वांत अवघड. बेशुद्ध माणसाला काय सांगणार? नातीनं पहिल्यांदा माणसाची छाती दाबली तो एक रिक्षावाला होता. दाबताना बरगडी मोडल्याचा आवाज आला आणि तिचे हात थांबले. सर म्हणाले, "थांबू नको, बरगडी जुळते." तो माणूस वाचला नाही. त्याची परवानगी कुणी घेतली नव्हती, आणि घेण्यासाठी थांबलं असतं तर तो अपराध झाला असता. अशा वेळी माणूस बोलत नाही म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी जाणता शेजारी हवा. सर शेजारी होते. दुसरे हात थकायची वाट बघत तयार होते. जोडीला जुना बैल होता. म्हणून मी त्याला शिकणं म्हणतो, नाहीतर त्याला प्रयोग म्हणावं लागलं असतं. पण जो माणूस शुद्धीवर आहे, ज्याला ऐकू येतं, त्याला न सांगता त्याच्यावर शिकणं ही चोरीच. म्हातारीनं ती चोरी माफ केली, म्हणून ती दान झाली. चोरी करणाऱ्याचं त्यात काही पुण्य नाही.

हे मी नातीला जमेल तसं सांगितलं. तिला वाईट वाटलं. पण ते वाटायला हवं होतं.

तिच्या जायच्या आदल्या संध्याकाळी मी शर्टाची बाही वर केली आणि हात पुढं केला. "घे. तुझ्याकडं सुई असंल तर लाव. शिरा भारी हाईत म्हणालीस ना? मी आपणहून देतोय, आता चोरी न्हाई."

तिनं हात घेतला. ओढणीनं दंडाला गाठ मारली, डोळे मिटले आणि एकाच बोटानं शीर शोधत गेली. "हलत्या गाडीत, अंधारात बोटांनीच बघावं लागतं," म्हणाली. मग गाठ सोडली.

"लाव की."

"नाही आबा. सर शेजारी नसताना सुई हातात घ्यायची नाही. आणि तुम्हाला आज सुईची गरजही नाही."

मला जरा लागलं. नातीला काहीतरी मोठं देतोय असं वाटत होतं. पण ती बरोबर होती. मी माझं ओझं उतरवायला निघालो होतो, तिला शिकवायला नव्हे.

माघ महिन्यात पुन्हा कळ आली. या वेळी जवळच्याच दवाखान्यात गेलो. सुईचा ट्रे घेऊन एक पोरगी आली, नातीच्याच वयाची. तिच्या मागं एक सिस्टर हाताची घडी घालून उभी होती, त्यावरून मी ओळखलं. पोरीनं विचारलं नाही. मीच म्हणालो, "शिकतीस का?" ती घाबरली. सिस्टरकडं बघितलं. मी म्हणालो, "लाव. पर आधी नाव इचार."

तिनं नाव विचारलं. मी बापाच्या नावासकट सांगितलं, आणि तिचंही विचारलं. पहिली सुई चुकली. खोटं कशाला बोलू, चांगलीच दुखली आणि तोंडात शिवी आली होती, ती गिळली. पोरीनं "चुकलं, काका" असं म्हटलं. दुसरी बरोबर बसली, डबीत थेंब आला, आणि तो बघून तिच्या तोंडावर जे आलं ते मी निम्म्या कळीतही बघितलं. पहिलं कलम फुटलेलं बघून आपल्या तोंडावर येतं तेच.

घरी आल्यावर बायकोला हातावरचा निळा डाग दाखवला आणि सगळं सांगितलं. तिनं डागावर हळद लावली. म्हणाली, "येका सुईचं येवढं कवतिक?"

डाग आठ दिवस होता. त्या दवाखान्यातल्या पोरीचं नाव माझ्या लक्षात आहे. ते मी इथं लिहीत नाही, पण रोज संध्याकाळी एकदा आठवून बघतो, विसरलो नाही ना म्हणून.